दुसरा सूर चालू लागतो तेव्हा : तारपा, सनई आणि काउंटरपॉइंटचा इतिहास

१/ शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन तालुके. एकावर माहुलीच्या सुळक्यांची छाया, दुसऱ्याच्या सीमेवर नाणेघाट. भात कापणीच्या सुमारास येथील ठाकर आणि वारली पाड्यांवर तारपा वाजतो. लग्नसराईत सनई वाजते. दोन्ही फुंकून वाजवायची वाद्ये, आणि दोहोंच्या वादनात एका वेळी एकाहून अधिक स्वर कानी पडतात. तरीही पाश्चात्त्य संगीतात ज्याला काउंटरपॉइंट म्हणतात ते येथे घडले नाही. ते कोठे जन्मले, कोणत्या वाटेने कोकणात व मुंबईत आले आणि रागाशी गाठ पडल्यावर त्याचे काय झाले, याचा हा इतिहास.

२/ प्रथम तारपा. वाळलेला दुधी भोपळा ही त्याची हवेची पेटी. त्यात बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवलेल्या असतात आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. एकाच श्वासावर दोन्ही नळ्या वाजतात. तारपकरी गालात हवा साठवून ठेवतो, ती सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो. त्यामुळे आवाज तुटत नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा हे या परंपरेतील आजचे सर्वपरिचित नाव. उत्तर कोकणात अशी अखंड फुंक घालणारे वादक पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत.

३/ श्वास तुटत नाही, तर मग संगीताचे वाक्य कोठे संपते? तारप्याच्या नाचात त्याचे उत्तर पायांत आहे. तारपकरी मध्ये असतो, भोवती हातात हात गुंफलेली माणसांची साखळी गोगलगायीच्या शंखासारखी फिरते. तारप्यावरील चाल बदलली की पावले बदलतात. म्हणजे विरामाची खूण आवाजाच्या थांबण्यात नसून चालीच्या वळणात आहे. वारली चित्रांतील वर्तुळाकार नाच पाहिलेल्या कोणालाही ही रचना ओळखीची वाटेल. संगीतातील वाक्य संपल्याचे ऐकणाऱ्याला कसे कळावे, हा प्रश्न प्रत्येक परंपरेला पडतो. पुढचा सारा इतिहास त्याच्या निरनिराळ्या उत्तरांचा आहे.

४/ आता सनई. मुख्य वादक चाल वाजवतो आणि त्याच्या शेजारचा साथीदार एकच षड्ज धरून बसतो. त्या वाद्यालाही महाराष्ट्रात 'सूर' असेच म्हणतात. संबळ-सनई-सूर हे त्रिकूट प्रसिद्ध आहे. सूर धरणाऱ्याचे काम दिसायला सोपे, पण त्याच्याविना सनईच्या स्वरांना अर्थ उरत नाही. गंधार हा गंधार ठरतो तो त्या अचल षड्जापासूनच्या अंतरामुळे. षड्ज हलला तर रागाचे घरच हलते. म्हणून येथे दुसरा सूर स्थिर राहिला आणि प्रतिभेचा सारा विस्तार एका चालत्या स्वरपंक्तीत झाला.

५/ बाराव्या शतकातील पॅरिसमध्ये चित्र फारसे वेगळे नव्हते. नोत्र दामच्या गायकवृंदात एक आवाज जुन्या प्रार्थनेचा एकेक स्वर लांबवून धरी आणि त्यावर दुसरा आवाज मोकळेपणाने फिरे. या गायनप्रकाराला 'ऑर्गनम' म्हणत. लेओनँ आणि पेरोतँ ही त्याच्याशी जोडलेली दोन नावे. सनई आणि सूर ऐकलेल्या मराठी माणसाला ही रचना परकी वाटणार नाही. फाटा फुटला तो पुढे. युरोपात खालचा, धरून ठेवलेला सूरही हळूहळू चालू लागला. ही प्रगती आणि दुसरी अधोगती असे नव्हे. दोन संस्कृतींनी दोन वेगळ्या गोष्टी जपल्या, इतकेच.

६/ दोन सूर स्वतंत्रपणे चालू लागले की नियम लागतात. 'बिंदूसमोर बिंदू' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगावरून 'काउंटरपॉइंट' हे नाव आले. बिंदू म्हणजे लिहिलेला स्वर. नियमांचा गाभा एकच : दोन्ही पंक्ती एकट्या गायल्या तरी सुरेल वाटाव्यात आणि एकत्र गायल्या तरी एकमेकींना मारू नयेत. म्हणून एक वर जाताना दुसरीने खाली यावे, हे उत्तम. षड्ज-पंचमाच्या अंतराने दोघींनी सलग एकाच दिशेने जाणे वर्ज्य. कारण साधे आहे. तो संवाद इतका घट्ट असतो की दोन आवाज वितळून एकच होतात आणि दुसऱ्या पंक्तीचे स्वातंत्र्य संपते.

७/ दोन स्वतंत्र माणसे एकत्र चालत असतील तर थांबण्याविषयी त्यांच्यात एकमत हवे. संगीतातील त्या एकमताचे नाव केडन्स. 'पडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला आहे; वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरतो, तसा. जुन्या दोन-पंक्ती रचनेतील केडन्स अगदी काटेकोर असे. खालची पंक्ती रिषभावरून षड्जावर उतरते, त्याच क्षणी वरची पंक्ती निषादावरून तार षड्जावर चढते. दोघी विरुद्ध दिशांनी येऊन एकाच स्वराच्या दोन सप्तकांत विसावतात. ऐकणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही की वाक्य संपले.

८/ हे शिकवायचे कसे, याचे सर्वांत गाजलेले पुस्तक १७२५ मध्ये व्हिएन्नात निघाले : योहान योझेफ फुक्स यांचे 'ग्रादुस आद पार्नासुम'. ते लॅटिनमध्ये, गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिलेले आहे. गुरू एक पंक्ती देतो. शिष्याने तिच्यावर दुसरी बांधायची. पाच पायऱ्या आहेत : एका स्वरासमोर एक, एकासमोर दोन, एकासमोर चार, मग रेंगाळत उतरणारा स्वर, आणि शेवटी या सर्वांचे मिश्रण. हायडन यांनी या पुस्तकाचा स्वतः अभ्यास केला आणि पुढे तरुण बेथोव्हनला त्यावरूनच धडे दिले. गुरू चूक दाखवतो, शिष्य पुन्हा लिहितो. घराण्याची तालीम ठाऊक असलेल्यांना ही रीत परकी नाही.

९/ पहिल्या पायरीचे एक छोटे उदाहरण बिलावलच्या शुद्ध स्वरांत पाहता येते. खालची पंक्ती : सा रे ग म ग रे सा. वरची पंक्ती : सां नी प ध सां नी सां. पेटीवर दोन्ही हातांनी वाजवून पाहावे. आरंभी आणि शेवटी दोघींत सप्तकाचे अंतर. मध्ये तिसऱ्या आणि सहाव्या स्वराची गोड अंतरे. खालची सा वरून रे वर चढते तेव्हा वरची सां वरून नी वर उतरते. शेवटी रे-सा आणि नी-सां ही जोडी येते. वर सांगितलेला केडन्स तो हाच. सात स्वरांच्या या चिमुकल्या रचनेत दोन चाली आहेत आणि एक समेट.

१०/ पुढे तीन-चार पंक्ती एकत्र वाजू लागल्या, त्यांतून स्वरपुंज म्हणजे कॉर्ड तयार झाले आणि केडन्सचे प्रकार ठरले. प-नी-रे या पुंजावरून सा-ग-प वर येणे हा पूर्णविराम. म-ध-सा वरून सा वर येणे हा मवाळ विराम. ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणताना तो ऐकू येतो. प-नी-रे वरच थांबणे हा स्वल्पविराम, पुढे काही यायचे आहे असे सांगणारा. आणि घरी पोहोचणार असे वाटत असताना भलत्याच पुंजावर उतरणे ही हुलकावणी. चारही प्रकारांत ऐकणाऱ्याची अपेक्षा हेच खरे साहित्य आहे.

११/ भारतीय संगीतात विरामाचे शास्त्र नव्हते असे मात्र नाही. नाट्यशास्त्रातील जातिलक्षणांत न्यास आणि अपन्यास हे शब्द येतात : न्यास म्हणजे रचना जेथे संपते तो स्वर, अपन्यास म्हणजे मधल्या विसाव्याचा स्वर. पूर्णविराम आणि स्वल्पविरामच ते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, तेव्हा हे लक्षण त्याने सविस्तर मांडले आणि वाद्याध्यायात फुंकवाद्यांचा, म्हणजे सुषिर वाद्यांचा, विचार केला. पुढे तालाच्या अंगाने तिहाई आली. एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर उतरणे ही अपेक्षा बांधण्याची आणि पुरवण्याचीच युक्ती. फरक इतकाच की येथे एक पंक्ती तालाशी समेट करते. तेथे दोन पंक्ती एकमेकींशी.

१२/ काउंटरपॉइंट आणि फुंकवाद्ये यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते आंतोन रायखा यांच्या कामात. १७७० मध्ये प्रागला जन्मलेले रायखा बॉनच्या वाद्यवृंदात बासरी वाजवत. तरुण बेथोव्हन त्याच वृंदात होता. पुढे पॅरिसला स्थायिक होऊन त्यांनी बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून या पाच वाद्यांसाठी २४ पंचके लिहिली. १८१८ पासून ते पॅरिसच्या संगीत विद्यालयात काउंटरपॉइंट आणि फ्यूग शिकवू लागले. बर्लिओझ आणि लिस्ट त्यांच्याकडे शिकले. पंक्तींचे शास्त्र शिकवणारा आणि फुंकवाद्यांच्या पंचकाला प्रतिष्ठा देणारा माणूस एकच असावा, हा निव्वळ योगायोग नव्हे.

१३/ व्हायोलिनचे कुटुंब एकाच रंगाचे असते. फुंकवाद्यांत प्रत्येकाचा आवाज वेगळा. ओबोचा किंचित नाकातला, क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाचा घुमारा, बसूनचा रुक्ष खर्ज. त्यामुळे चार पंक्ती गुंतल्या तरी कान प्रत्येकीचा माग काढू शकतो. मात्र फुंकणाऱ्याला श्वास लागतो. सर्वांनी एकदम श्वास घेतला तर संगीत कोसळते. म्हणून रचनाकार एका पंक्तीचे वाक्य संपण्याआधीच दुसरीचे सुरू करतो आणि सर्वांचा एकत्रित विराम फक्त खऱ्या केडन्ससाठी राखून ठेवतो. तारपकऱ्याने नाकाने श्वास घेऊन जे साधले, ते येथे पाच जणांनी पाळीपाळीने साधले.

१४/ हे शास्त्र भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले ते चर्चमार्गे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला; १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर तेथे उतरले. सोळाव्या शतकातच गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयातील मुले अनेक पंक्तींचे प्रार्थनासंगीत गाऊ लागली आणि सणासमारंभांत 'शारामेला' नावाचे फुंकवाद्य वाजू लागले. शारामेला म्हणजे दुहेरी पातीचे, निमुळत्या नळीचे वाद्य. सनईचे नात्यातले भावंड. म्हणजे कोकणच्या कानाला त्या वाद्याचा आवाज अनोळखी नव्हता. अनोळखी होती ती चार माणसांनी चार वेगळ्या वाटांनी जाऊन एकाच ठिकाणी पोहोचण्याची कल्पना.

१५/ ही कल्पना उत्तर कोकणातही पोहोचली होती. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. ठाणे आणि साष्टीही त्यांच्या अमलाखाली आली आणि तेथे चर्चे उभी राहिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा हा अंमल संपला. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याचा शहापूर-मुरबाडचा पट्टा त्याच्या बाहेरच राहिला. माहुली निजामशाहीकडून मोगलांकडे आणि मराठ्यांकडे गेली, पोर्तुगीजांकडे नव्हे. एकाच जिल्ह्याच्या पश्चिमेला चर्चमधील बहुपंक्ती गायन आणि पूर्वेला तारपा व सूर, अशी ही विभागणी आहे. तिचे कारण कानांत नव्हते. राज्यांच्या सीमांत होते.

१६/ गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांनी पुढची तीन-चार शतके हे शिक्षण गावागावांत नेले. तेथील गुरूला 'मेस्त्री' म्हणत. लहानपणी स्वरलेखन डोळ्यांनी वाचून तोंडाने गाणे, मग व्हायोलिन, मग एखादे फुंकवाद्य, आणि रविवारी चर्चच्या गायनात दुसरी पंक्ती सांभाळणे, असा तो क्रम. यातून गोव्याची स्वतःची रूपे घडली. मांडो हा कोकणी गीतप्रकार दोन आवाजांत, तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतराने गायला जातो आणि त्याला घुमट व व्हायोलिनची साथ असते. उपवासकाळातील मोतेतांत व्हायोलिनबरोबर क्लॅरिनेटही ऐकू येई. दुसरा सूर चालवणे हे येथे पांडित्य नव्हते, गावातल्या मुलाचे नित्याचे काम होते.

१७/ गोव्यात शिकलेल्यांना गोव्यात काम पुरेसे नव्हते. ते लष्करी आणि संस्थानी बँडांत गेले, मुंबईच्या हॉटेलांत गेले, मूकपटांच्या पडद्यासमोर बसून वाजवू लागले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला आणि मूकपटांचे युग सरू लागले. पुढे हेच वादक ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत पोहोचले. लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारे इतके वादक दुसरीकडे सहज मिळत नव्हते. चाल बांधणारा संगीतकार बहुधा पेटीवर गाऊन दाखवी. ती कागदावर उतरवून तीस-चाळीस वादकांत वाटून देणारा 'अरेंजर' बहुधा गोवेकर असे.

१८/ येथे खरी अडचण उभी राहिली. मेस्त्रीने शिकवलेला पूर्णविराम प-नी-रे या पुंजावर उभा होता. मालकंसात रिषभ नाही, पंचम नाही आणि निषाद कोमल. म्हणजे या पुंजातील तिन्ही स्वर रागाबाहेरचे. यमनात तो पुंज मिळतो, पण मध्यम तीव्र असल्याने 'आमेन'चा म-ध-सा मिळत नाही. भूपात मध्यम आणि निषाद दोन्ही नाहीत, म्हणून दोन्ही दारे बंद. पाठ केलेला केडन्स तसाच लावला तर वाक्य संपेल, पण रागही त्याच्याबरोबर संपेल. रागाला शरण गेले तर शिकलेले शास्त्र निरुपयोगी. अरेंजरच्या टेबलावरचा हा रोजचा पेच होता आणि ध्वनिमुद्रणाची वेळ ठरलेली असे.

१९/ त्यातून निघालेली वाट कॉर्डपेक्षा जुन्या काउंटरपॉइंटच्या जवळ जाणारी होती. स्वरपुंज रागात परके स्वर ओढून आणतो. परंतु दुसरी पंक्ती रागाच्याच स्वरांतून विणता येते. लाहोरच्या हॉटेलांत बँड चालवून फाळणीनंतर मुंबईला आलेले सेबॅस्टियन डिसोझा या कामात अग्रणी मानले जातात. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. गायिकेची ओळ दीर्घ स्वरावर थांबली की मागून व्हायोलिनांची किंवा फुंकवाद्यांची दुसरी चाल उठते, ओळ पुन्हा सुरू झाली की बाजूला सरते. ऐकणाऱ्यांना ती 'मागची धून' म्हणून पाठ असते. शास्त्रात ती प्रतिपंक्ती आहे.

२०/ रागात राहून वाक्य कसे संपवावे, याचीही उत्तरे रागातच आहेत. मालकंसात खालची पंक्ती कोमल गंधारावरून षड्जावर आणि वरची कोमल निषादावरून तार षड्जावर आली, तर विरुद्ध गतीचा नियम पाळला जातो आणि एकही परका स्वर येत नाही. शिवाय मध्यम, कोमल धैवत आणि षड्ज हे तिन्ही मालकंसाचेच स्वर असल्याने 'आमेन'चा मवाळ विराम तेथे सहज मिळतो. या रागासाठी तंबोरा मध्यमात लावतात, हे लक्षात घेतले की तो विराम घरचाच वाटतो. भूपात खालून रिषभ उतरतो, वरून धैवत तार षड्जावर झेप घेतो. पुस्तकातला केडन्स मिळाला नाही, तरी केडन्समागील तत्त्व मिळाले.

२१/ हा प्रश्न चित्रपटाबाहेर काढून मैफिलीत मांडण्याचे धाडस अँथनी गोन्साल्विस यांनी केले. १९२७ मध्ये गोव्यातील माजोर्डा येथे जन्म. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. मुंबईत व्हायोलिनवादक आणि अरेंजर म्हणून नाव झाल्यावर १९५८ मध्ये त्यांनी स्वतंत्र सिम्फनी वाद्यवृंद उभारला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय स्वरांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्या रचनांत 'सोनातिना इंडियाना' आणि सारंग रागावरील व्हायोलिन कन्चेर्तो होते. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. परतल्यावर मात्र चित्रपटसृष्टीपासून दूर, गोव्यात शांतपणे राहिले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

२२/ इतरही वाटा निघाल्या. मुंबईचे वनराज भाटिया लंडन आणि पॅरिसला जाऊन शिकले. पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे त्यांनी रचनेचे कडक धडे घेतले आणि पुढे 'भूमिका'सारख्या चित्रपटांना संगीत दिले. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची रागांवर जॅझ बेतलेली ध्वनिमुद्रिका निघाली. रईस खाँ यांच्या सतारीसमोर सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्ये तीत उभी आहेत. मराठी गीतांच्या वाद्यवृंदालाही अनिल मोहिले यांच्यासारख्या अरेंजरांनी आकार दिला. रेडिओवर ऐकलेल्या भावगीतात कडव्यांमधल्या बासऱ्यांच्या जोडीला जे वळण असते, ते कोणीतरी कागदावर लिहिलेले होते.

२३/ तो कागद मात्र टिकला नाही. ध्वनिमुद्रण संपले की हस्तलिखित स्वरपत्रांचे काम संपे. त्यांतील फार थोडी आज शिल्लक आहेत. तबकडीवर गायक आणि संगीतकार यांची नावे असत, अरेंजरचे बहुधा नसे. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका विनोदी गाण्याने अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघर पोहोचवले. संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. ती गुरुदक्षिणा होती. ऐकणाऱ्या बहुसंख्यांना ते एका पात्राचे नाव वाटले. दुसऱ्या पंक्तीचे भाग्य तिच्या लेखकांच्याही वाट्याला आले : ती सर्वांनी ऐकली, पण तिच्याकडे लक्ष कोणाचेच नव्हते.

२४/ १८६१ मध्ये रेल्वे कसाऱ्यापर्यंत गेली; शहापूरचे स्थानक आसनगाव मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. मुरबाडला रेल्वे नाही. स्टुडिओतली गाणी मात्र दोन्हीकडे पोहोचली आणि लग्नाच्या बँडांनी ती उचलली. गंमत अशी की बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम हे सारे असूनही बहुतेक वेळा सर्वजण एकच चाल एकत्र वाजवतात. गाण्याची पहिली पंक्ती गावात आली. सेबॅस्टियन किंवा अँथनी यांनी लिहिलेली दुसरी वाटेतच गळाली. वाद्ये कमी पडली म्हणून नव्हे, तर ती पंक्ती लिहून देणारा आणि वाचायला शिकवणारा मेस्त्री तेथे कधी नव्हता म्हणून.

२५/ म्हणून या भागात आज कोणी बासरी, क्लॅरिनेट आणि सनईसाठी रचना करू लागला तर त्याच्यासमोर दोन्ही वारसे खुले आहेत. खाली सूर अचल ठेवावा, म्हणजे रागाचे घर सुरक्षित राहील. वर एकाऐवजी दोन पंक्ती चालवाव्यात, दोन्ही रागाच्याच स्वरांत, शक्यतो विरुद्ध दिशांनी. मधला विसावा अपन्यासावर, शेवट न्यासावर, आणि तेथे दोघींनी एकत्र श्वास सोडावा. नोत्र दामचे गायक, देवगिरीचा शार्ङ्गदेव, गोव्याचा मेस्त्री आणि पाड्यावरचा तारपकरी या चौघांनाही ही रचना ऐकून आपली खूण पटेल. दुसरा सूर चालू लागला म्हणून पहिल्याचे घर मोडत नाही. परत कोठे यायचे, हे दोघांना ठाऊक असले म्हणजे झाले.